दिवसा चावणारे डास

४ मे

भाऊजी,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकला असाल. सगळं ठीक आहे. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही "हं"च्या पुढे जात नाही आणि मला डाव्या कानाने आता फारसं ऐकू येत नाही. मग मध्ये नुसती खरखर उरते. त्यापेक्षा कागद बरा.

तुमचे दादा गेल्याला सतरा महिने झाले. तुमचं चार ओळींचं पत्र तेव्हा मिळालं होतं. त्याबद्दल आज मी काही लिहीत नाही. एक विचारायचं आहे, आणि ते विचारण्याजोगं माझ्या ओळखीत दुसरं कोणी नाही. नोकरी म्हणून डास पाळणारा माणूस काही घरोघरी नसतो.

मला डास चावायला लागले आहेत.

हसू नका. चौतीस वर्षांच्या संसारात मला डास चावल्याचं आठवत नाही. हे सकाळी उठायचे ते मानेवर, कपाळावर, दंडावर लाल गाठी घेऊन, आणि शेजारी मी कोरी. तसेच खाजवत वाचनालयाची फिरती गाडी घेऊन निघायचे. "तुझं रक्त कडू आहे, त्यांना बरोबर कळतं," म्हणायचे. मी म्हणायचे लसणामुळे. रोज सकाळी एक कच्ची पाकळी चावून खायची ही आमच्या बाबांची सवय, ती मला लागली. आता पाकळी तीच, मी तीच, आणि उठते ती यांच्यासारखी खाजवत.

शेजारचे औषधवाले म्हणाले, अंगात जीवनसत्त्व कमी असेल. महिनाभर गोळ्या घेतल्या. माझ्याकडे पडदे शिवायला टाकणारी एक बाई म्हणते, रक्तगटाचा दोष. रक्तगट काय साठीला बदलतो? मग भिंतीत खोचायचं एक यंत्र आणलं. त्याच्या आवाजाने डास पळतात म्हणे. मला तो आवाज ऐकू येत नाही आणि डासांनाही येत नसावा, परवा एक त्याच्यावरच बसला होता. खिडकीत उग्र वासाच्या पानांची कुंडी ठेवली आहे, तिचा उपयोग एवढाच की तिला पाणी घालायला मी उठते.

तर सांगा, माणसाचं रक्त या वयात बदलतं का?

वहिनी


१३ मे

वहिनींना नमस्कार.

पत्र मिळालं. इथे पिंजरे बदलायचं काम चालू होतं, म्हणून उत्तराला उशीर झाला. मला गप्पांचं पत्र लिहिता येत नाही, तेव्हा जे माहीत आहे ते लिहितो.

लसूण खाल्ल्याने डास दूर राहतात असं कुठल्याही नीट केलेल्या चाचणीत दिसलेलं नाही. जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचंही तेच. आवाजाचं यंत्र काढून टाका. पानांचा अर्क काढून कातडीला लावला तर थोडा वेळ गुण येतो, नुसती कुंडी ठेवून नाही. रक्तगटाबद्दल तज्ज्ञांचं एकमत नाही, आणि तो बदलत तर नाहीच. रक्त गोड की कडू हे चावण्याआधी डासाला कळायला मार्ग नाही. तो लांबून येतो तो आपल्या श्वासाच्या मागाने. जवळ आला की अंगाची ऊब, घामाचा वास, गडद कपडे यांवरून जागा हेरतो. मी 'तो' म्हणतो आहे, पण चावते ती फक्त मादी. तुम्ही शिवताना निळा डगला घालता ना? फिका घाला.

पंखा पायांकडे लावा. डास उडण्यात दुबळा असतो, वाऱ्यापुढे त्याचं चालत नाही. लावायच्या मलमाचं नाव वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलं आहे, औषधवाल्यांना दाखवा. मी स्वतः त्याची चाचणी घेतली आहे. हाताला लावायचं, हात पिंजऱ्यात घालायचा आणि तीन मिनिटांत किती बसतात ते मोजायचं. माझं कामच हे आहे. इथले डास निरोगी असतात, काळजी करू नका. मच्छरदाणी पार्सलने पाठवली आहे. कडा गादीखाली खोचा, नुसत्या सोडू नका.

आणि पाणी बघा. चमचाभर पाणी आठवडाभर साचलं तरी त्यांना पुरतं. पिंपं, कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, पाण्याच्या टाकीचं झाकण. गच्चीवर काही अडगळ आहे का, तेही कळवा.

आधी का चावत नव्हते, याबद्दल माझा एक अंदाज आहे. खात्री करून लिहीन.

आपला,
भाऊजी


२२ मे

भाऊजी,

मच्छरदाणी मिळाली. बांधलीसुद्धा. पलंग दोघांचा आणि जाळी एकीची, त्यामुळे अर्धा पलंग बाहेर राहतो. आत पडून बघितलं की ती बाजू धुक्यात असल्यासारखी दिसते. पण झोप लागते, हे कबूल करायला हवं. पंख्याचंही खरं निघालं. निळा डगला मात्र सुटत नाही. खडूचे डाग त्याच्यावर दिसत नाहीत म्हणून तर तो घेतला होता.

तुमच्या यादीप्रमाणे घर पालथं घातलं. फ्रिजमागे ट्रे असतो हे मला वीस वर्षांत माहीत नव्हतं. त्यात जे होतं ते मी लिहीत नाही, तुम्हाला आवडलं असतं. ताटल्या पुसल्या, पिंप रिकामं केलं, टाकीचं झाकण घट्ट आहे. वर काही नाही.

तुमचं पत्र मी औषधवाल्यांना वाचून दाखवलं. गोळ्यांच्या भागाला ते जरा खोकले.

पण तुम्ही माझ्या मुख्य प्रश्नाला बगल दिलीत. तुमचे दादा तुम्हाला घुम्या म्हणायचे ते उगाच नाही. अंदाज आहे, तर सांगा की. मी काही परीक्षक नाही.

वहिनी


१ जून

वहिनींना नमस्कार.

खात्री करायची वगैरे काही नव्हती. लिहायचं टाळत होतो.

दोन माणसं शेजारी झोपली असली तर डास दोघांना सारखे चावत नाहीत. ज्याचा श्वास मोठा, अंग मोठं आणि गरम, ज्याला घाम जास्त, आणि कातडीचा वास त्यांना जास्त ओढतो, त्याच्याकडे बहुतेक सगळे जातात. दुसरा जवळजवळ मोकळा सुटतो. दादा कसा होता तुम्हाला माहीत आहे. हिवाळ्यातही पांघरूण फेकायचा. तुमचं रक्त तेव्हाही असंच होतं. तुमच्या वाट्याचे डास त्याच्याकडे जात होते, एवढंच. तो शेजारी नाही, म्हणून ते आता तुमच्याकडे येतात.

आणखी एक लिहायला हवं. नोकरी लागल्यावर पहिल्यांदा घरी आलो होतो, तेव्हा दादाने मला हेच विचारलं होतं, की हिला का चावत नाहीत. मी त्याला जे सांगितलं तेच वर लिहिलं आहे. तो खूप वेळ हसला. मग म्हणाला, "हिला सांगू नकोस. तिला त्या लसणाचं फार कौतुक आहे."

म्हणून सांगितलं नव्हतं.

भाऊजी


१० जून

भाऊजी,

पत्र पोचलं. तीनदा वाचलं.

इतकी वर्षं पोटात ठेवलं त्यांनी. रोज सकाळी मी ती पाकळी चावायचे आणि समोर बसून हे गंभीर चेहऱ्याने चहा प्यायचे.

तुम्ही पत्राची वाट बघाल म्हणून एक बारीकसं लिहिते. रात्री आता त्रास नाही. दिवसा शिवायला बसले की मात्र टेबलाखाली घोट्यांना काहीतरी चावतं. काल एक मारलं. काळं, आणि पायांवर पांढऱ्या पट्ट्या, चांगलं नक्षीदार. डास रात्रीचे, तेव्हा हे चिलट असणार. मुद्दाम उत्तर देण्यासारखं नाही.

वहिनी


१७ जून

वहिनी,

हे पत्र मिळाल्या मिळाल्या वाचा.

ते चिलट नाही. डास फक्त रात्री चावतात हा समज चुकीचा आहे. पांढऱ्या पट्ट्यांचा डास दिवसाच चावतो, सकाळी आणि संध्याकाळच्या आधी जास्त, आणि तो घोटेच शोधतो. हाडं मोडून काढणारा ताप आणतो तो हाच. रात्रीच्या मच्छरदाणीचा दिवसा काय उपयोग? मी चार पानं लिहिली आणि हे लिहायचं राहिलं. सव्वीस वर्षं हेच काम करतो आहे आणि राहिलं.

आजपासून शिवताना पायमोजे घाला. मलम दिवसा लावा. हा डास लांबून येत नाही. तो घाण पाण्यात नसतो, स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि रोज दिसतो म्हणजे पाणी तुमच्या घरातच आहे. तुमच्या यादीतून काहीतरी सुटलं आहे. घरात न वापरलेलं न्हाणीघर किंवा संडास आहे का? फ्लशची टाकी आपोआप भरत राहते, कोणी वापरत नसलं तर ते पाणी महिनोन्‌महिने तसंच असतं. शोधा आणि लगेच कळवा. ताप आला तर स्वतःच्या मनाने गोळ्या घेऊ नका, रक्त तपासा.

भाऊजी


२ जुलै

वहिनींना नमस्कार.

उत्तर नाही. १ जूनचं पत्र मी लिहायला नको होतं असं आता वाटतं. तुम्ही विचारलंत आणि मी पिंजऱ्याबद्दल सांगावं तसं सांगून टाकलं. कुठली गोष्ट कुठे थांबवायची हे मला कधीच कळलं नाही. दादाला कळायचं.

तुम्ही रागावला असाल तर मला लिहू नका, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पाणी शोधा. सापडलं एवढं एका कार्डावर कळवा, खाली सही केली नाहीत तरी चालेल.

भाऊजी


४ जुलै

माननीय साहेब,

आपला परिचय नाही. मी आपल्या वहिनींच्या शेजारचा औषधवाला. आपल्या संस्थेत दोनदा फोन केला. निरोप देतो म्हणाले, पण त्यांच्या आवाजावरून भरवसा वाटला नाही, म्हणून हे तातडीच्या टपालाने पाठवतो आहे.

ताईंना गेल्या आठवड्यात ताप भरला. दोन दिवस त्यांनी कोणाला सांगितलं नाही. त्यांच्या घराचा दरवाजा अर्धा उघडा आणि शिवणयंत्र बंद, असं दिसलं म्हणून मी आत गेलो, तर पडद्यांच्या गठ्ठ्यावर डोकं टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "जरा डोळ्यांच्या मागे दुखतंय, बाकी काही नाही." मी रिक्षा करून त्यांना दवाखान्यात नेलं. ताप तोच निघाला, ज्याची आपण पत्रात धास्ती घेतली होती. ते पत्र टेबलावर उघडं होतं, मी वाचलं, क्षमा असावी. रक्तातल्या पेशी फार उतरल्या आहेत. डॉक्टर म्हणतात अजून चार-पाच दिवस जपायचे. आमच्या गल्लीत आणखी तिघांना ताप आहे.

काल मी विचारलं, दिरांना कळवू का? आधी नको म्हणाल्या. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "त्यांना सांगा, वरच्या खोलीची किल्ली साखरेच्या डब्यामागे आहे." तापात बोलल्या की शुद्धीत, मला सांगता येत नाही. वरच्या खोलीबद्दल मला काही ठाऊक नाही. कळवायचं काम माझं, ते केलं.

गोळ्यांबद्दल आपण लिहिलं होतंत ते मी वाचलं आहे. आता विकत नाही.

आपला,
शेजारचा औषधवाला


२९ जुलै

भाऊजी,

आता बसून लिहिण्याइतकी ताकद आली आहे. पायऱ्या चढताना मध्ये थांबावं लागतं आणि केस मूठमूठ गळतात, पण डॉक्टर म्हणतात होईल.

मी पंधरा तारखेला घरी आले. औषधवाल्यांनी दार उघडून दिलं. मला वाटलं होतं तुम्ही घरात असाल. सहा दिवस तुम्ही इथे राहिलात, सातव्या दिवशी गेलात आणि मी आठव्या दिवशी आले. हे जमवायलासुद्धा कसब लागतं.

घर बघितलं. टेबलाखाली पंखा बसवला आहे. मोरीला जाळी आहे. खालच्या खिडक्यांनाही जाळ्या आहेत आणि एकाही खिळ्याचं डोकं वर आलेलं नाही. पलंगावर दोघांच्या मापाची मच्छरदाणी आहे. वर गेले. खोली उघडी होती, टाकी कोरडी, नळ बंद, आणि पलंगावरची चादर ताणून घातलेली, पण उशीला खळगा. तिथेच झोपत होतात ना?

सगळं केलंत आणि चिठ्ठी नाही. औषधवाल्यांना काय सांगितलंत, तर "रजा संपली". मला खरं काय ते कळवा. मी आता ऐकू शकते.

वहिनी


८ ऑगस्ट

वहिनींना नमस्कार.

रजा संपली नव्हती. माझी दोनशे अकरा दिवसांची रजा शिल्लक आहे. मी कधी घेतलीच नाही.

क्रमाने लिहितो. आलो तो थेट दवाखान्यात. तुम्हाला जाळीत ठेवलं होतं, ते बरोबर केलं होतं, रुग्णाला डास चावला तर तो पुढे आजार नेतो. भेटीची वेळ चार ते सहा. पहिले दोन दिवस तुम्ही तापात होतात. मी स्टुलावर बसायचो, सहा वाजता उठायचो. बाकी वेळ घरी.

किल्ली डब्यामागे होती. जिना चढून गेलो तेव्हा मला वाटलं अडगळ असेल. दार उघडलं आणि सवयीने वाकून आत गेलो. तुमच्या घराची सगळी दारं मला बुटकी पडतात, दादा हसायचा. आत उभा राहिलो आणि लक्षात आलं की वाकायची गरज नव्हती. मागे वळून मापलं. चौकट बाकीच्या दारांपेक्षा वीतभर उंच आहे. मग खिडकीची जाळी बघितली. कापडाइतकी बारीक, चारी कडांना पट्टी मारलेली. खिडकीपाशी टेबल, सूक्ष्मदर्शकाला ऊन लागतं असं त्याला कोणीतरी सांगितलं असणार. ऊन लागत नाही, दिवा लागतो. तेव्हा कळलं खोली कोणाची ते.

पाणी न्हाणीघरातल्या टाकीत होतं. झाकण बसवायचं राहून गेलं होतं. तरंगता गोळा व्यवस्थित होता, टाकी काठोकाठ भरून ठेवत होता. त्यात त्यांची पिल्लं होती, शेकड्यांनी. वरच्या झरोक्याला जाळी नव्हती, पंख फुटले की तिथून ती बाहेर पडत होती. हात बुडवायच्या आधी मी बराच वेळ तिथे उभा होतो. या पाण्यातल्याच डासाने तुम्हाला आजार दिला असं कोणी सिद्ध करू शकणार नाही. गल्लीत ताप होता, तो डास कुठूनही आलेला असू शकतो. पण मी आलो असतो तर ते पाणी रोज वाहिलं असतं, हेही तितकंच खरं.

दादाच्या वेळी का आलो नाही ते तुम्ही विचारलं नाहीत. चाचणी चालू होती. साहेब म्हणाले, जा, आम्ही बघतो. मी पिशवी भरली आणि पिंजऱ्यांच्या खोलीत जाऊन बसलो. नऊ वर्षं "पुढच्या वर्षी येतो" म्हणत होतो. आता गेलो तर सगळे विचारतील, इतके दिवस का आला नाहीस, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. कोणाशी भांडण नव्हतं, अडचण नव्हती. नुसता येत नव्हतो. गाडीची वेळ टळेपर्यंत तिथेच बसलो. मग पिशवी रिकामी केली.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात तुमचा ताप उतरला होता. मी स्टुलावर बसलो आणि तुम्ही डोळे उघडलेत, माझ्याकडे बघितलंत आणि मिटलेत. मग सहा वाजेपर्यंत उघडले नाहीत. चौथ्या दिवशीही तसंच, आणि पाचव्या. तुम्ही झोपला असाल. मला वाटलं, नसाल. राहिलेलं काम पुरं केलं आणि निघालो.

कालच रजेचा अर्ज आणून ठेवला आहे. दोन महिन्यांचा. भरलेला नाही. इतकी वर्षं मी कोणाबरोबर राहिलेलो नाही. जेवताना बोलायचं असतं, ते मला जमत नाही. तुमचा विचार काय, ते मला समजायला हवं.

भाऊजी


१९ ऑगस्ट

भाऊजी,

मी झोपले नव्हते.

आता सगळं लिहिते, मध्ये थांबले तर राहून जाईल. ती खोली त्यांनी दोन वर्षं बांधली. गाडीवरून आले की वर. गवंडी, सुतार, सगळं स्वतः, फक्त नळ दुसऱ्याकडून. मी म्हणायचे, तो येणार नाही, घुम्या आहे तो. हे म्हणायचे, "दार बघितलं की येईल." खोली झाली, टाकीत पाणी सोडून बघितलं, झाकण पुढच्या आठवड्यात येणार होतं. मला म्हणाले, "रविवारी त्याला लिहितो. नाहीतर तूच लिही, तुझं अक्षर बरं आहे, त्याला माझं लागत नाही." गुरुवारी ते गेले.

मी लिहिणार होते. तुम्ही याल, तेव्हा हात धरून वर नेईन, असं त्या गर्दीत बसून मी ठरवलं होतं. तुम्ही आला नाहीत. चार ओळी आल्या. त्या दिवशी मी वर जाऊन कुलूप लावलं आणि मनात म्हटलं, याला हे कधीच कळू द्यायचं नाही. हीच याला शिक्षा. शिक्षा कसली, तुम्हाला माहीतच नव्हतं तर. तेवढा विचार तेव्हा सुचला नाही.

मेमध्ये तुम्ही विचारलंत, गच्चीवर काही आहे का. मी लिहिलं, वर काही नाही. १७ जूनचं तुमचं पत्र मला ताप येण्याआधी चार दिवस मिळालं होतं. न वापरलेली टाकी आहे का, असं तुम्ही स्पष्ट विचारलं होतंत. मी किल्ली घेऊन जिन्यावर गेले. कुलपापाशी उभी राहिले. आत भणभण ऐकू येत होती, माझ्या बऱ्या कानाला. दार उघडलं असतं तर तुम्हाला लिहावं लागलं असतं की कुठली टाकी, कोणासाठी. खाली आले आणि शिवायला बसले. पायमोजे न घालता. तुम्ही त्या पाण्याचा दोष स्वतःकडे घेता आहात म्हणून हे सांगते. कुलूप मी लावलं होतं. तो अर्धा दोष माझा, मला द्या.

दवाखान्यात तुम्हाला त्या स्टुलावर गुडघे जवळ घेऊन बसलेलं बघितलं आणि वाटलं, डोळे उघडले की हे सगळं बोलावं लागेल. मिटून घेतले. तुम्ही पत्रं लिहिता तसेच बसता. तीन दिवस दोन-दोन तास एक शब्द नाही, आणि सहाला उठताना जाळीची कड गादीखाली खोचून जायचात. मला ते कळत होतं.

आणखी एक. तुम्हाला वाटेल, कोणालाही वाटेल, की डासांचं मी उगाच निमित्त केलं आणि मला दुसरंच बोलायचं होतं. निमित्त नव्हतं. मला खरंच चावत होते आणि खरंच झोप येत नव्हती. पण उत्तर आलं तेव्हा मला बरं वाटलं, ते मात्र डासांमुळे नव्हे. सतरा महिन्यांत या घरात माझ्या नावाने आलेलं ते पहिलं पत्र, ज्यात कोणी मला काही करायला सांगत होतं.

जेवताना बोलायचं म्हणाल, तर मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. तुम्ही त्या बाजूला बसा. तुमची काळजी मिटेल. आणि करमलं नाही तर दोन महिन्यांनी जा, मी अडवणार नाही. न्हाणीघरातल्या टाकीला झाकण लागेल, ते माप तुम्हीच घ्या.

माझा विचार विचारलात. तो असा. अर्ज भरून येणार असाल, तर या पत्राला उत्तर लिहू नका. येणार नसाल, तरच लिहा. आमचा पोस्टमन दहाच्या सुमाराला येतो आणि मी यंत्रापाशी बसल्या बसल्या त्याची सायकल ऐकते. उद्यापासून ती पुढे निघून जावी म्हणून बसणार आहे.

वहिनी